नऊशे नव्याण्णव गेमांची कॅसेट

शेजारच्या शरयूकाकूंच्या घरचा व्हिडिओ गेम त्यांच्या नवऱ्याने परस्पर देऊन टाकला, तिथून सत्यशीलाचा राग सुरू झाला.

१९९७ सालचा मे महिना होता. श्रीपतीकाका परतूर स्टेशनात बुकिंग क्लार्क होते, त्यांची नांदेडला बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढवायला त्यांचा पुतण्या आला होता. काकांनी गेमचा डबा, दोन्ही रिमोट, सगळ्या कॅसेटा त्याच्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, घेऊन जा, तिकडे एवढी जागा नाही. काकू दारात दुधाचं पातेलं घासत उभ्या होत्या. त्यांनी एकदा मान वर केली आणि पुन्हा घासायला लागल्या. गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सत्यशीलाने ते पाहिलं. ती तेरा वर्षांची होती. काकूंना कुणी विचारलंसुद्धा नाही, हे तिला समजलं, आणि काकू काहीच बोलल्या नाहीत याचाही तिला तितकाच राग आला.

तो गेम काकांनी हौसेने आणला होता आणि महिन्याभरात ते विसरूनही गेले होते. खेळायच्या त्या काकूच. दुपारचं जेवण आवरलं की त्या सत्यशीलाला हाक मारायच्या आणि दोघी टीव्हीसमोर सतरंजीवर बसायच्या. बाकी कॅसेटा त्यांना आवडायच्या नाहीत. एकच आवडायची. पिवळी, जाड, तिच्यात एकच गेम. नदीच्या उलट्या धारेने एक होडी वर जायची. एका रिमोटवर वल्हं, दुसऱ्यावर जाळं. एकट्याने खेळायचं म्हटलं तर होडी जागच्या जागी गोल फिरायची. तीन उन्हाळे खेळून दोघी सोळाव्या वळणापर्यंत पोचल्या होत्या. पुढे काय आहे ते दोघींनाही माहीत नव्हतं.

जूनमध्ये सातवीच्या शिष्यवृत्तीचा निकाल लागला. सत्यशीला तालुक्यात पहिली आली. तिचे वडील तातेराव परतूरच्या बाजार समितीत मापाडी होते. वीस वर्षं काट्यावर उभे होते. शेतकरी आणि अडते दोघंही त्यांच्या मापावर डोळे झाकून सही करायचे, आणि या गोष्टीचा तातेरावांना मनातून फार अभिमान होता. निकालाच्या दिवशी त्यांनी अडत्यांना पेढे वाटले आणि घरी येऊन पोरीला विचारलं, काय पाहिजे ते माग. चतुराबाईला, म्हणजे तिच्या आईला, वाटलं पोरगी सायकल मागेल. सत्यशीला म्हणाली, व्हिडिओ गेम. आणि कॅसेट होडीची. पिवळी. बाकी काही नको.

तातेराव हसले. म्हणाले, बराबर, जालन्याहून आणू.

ते हसले, पण होडीचं त्यांनी ऐकलं होतं की नाही, हे सत्यशीलाला पुढे कितीतरी दिवस समजलं नाही.

बाजार बंद असलेल्या एका अमावास्येला बापलेक सकाळच्या पॅसेंजरने जालन्याला गेले. जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानांच्या ओळीत मुकुंदशेठचं दुकान होतं. पुढे पंखे, मिक्सर, इस्त्र्या, आणि आत काचेच्या कपाटात व्हिडिओ गेम. दुकानात गर्दी होती. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि पास झालेल्या पोरांना दिलेली वचनं पाळायला लोक आले होते.

आपला नंबर येईपर्यंत सत्यशीला काचेला नाक लावून ऐकत होती. एक मास्तर बायकोला घेऊन आले होते. त्यांनी कव्हरवर पोलिसाचं चित्र असलेली कॅसेट घेतली, कारण मुलाला पोलीस व्हायचं होतं. आत काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. एका बाईंना गेमशी काही घेणं नव्हतं. याने टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते का, एवढंच त्या फिरूनफिरून विचारत होत्या. नाही जात, असं तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी सगळ्यात स्वस्त कॅसेट उचलली. एक पागोटेवाले आजोबा म्हणाले, आमच्या शेजारच्यांनी जी नेली तीच द्या, आणि शेजाऱ्यांनी कोणती नेली ते त्यांना सांगता येईना. मुकुंदशेठने हाताला आली ती दिली. आजोबा समाधानाने गेले.

सत्यशीलाला हे सगळं विचित्र वाटलं. आई वांगी घेतानासुद्धा एकेक फिरवून बघायची. इथे कुणी काहीच फिरवून बघत नव्हतं. बघायची सोयही नव्हती. काउंटरवर पाटी होती, की सील फोडलेला माल परत घेतला जाणार नाही. टीव्ही होता, पण त्यावर क्रिकेट चालू होतं.

आणि मग तिला ती दिसली. वरून दुसऱ्या फळीवर, कोपऱ्यात, पिवळी. कव्हरवर होडी.

नंबर आला तेव्हा मुकुंदशेठने तातेरावांना विचारलं, मुलगा कितवीला आहे. तातेराव म्हणाले, पोरगी हाय, तालुक्यात पहिली आलीय. मुकुंदशेठ तिच्याकडे न बघता म्हणाला, "वा वा. मग सोपे गेम असलेली देतो."

"मला ती होडीची पाहिजे," सत्यशीला म्हणाली.

मुकुंदशेठने ती काढली, तातेरावांसमोर ठेवली आणि तिच्या शेजारी दुसरी ठेवली. दुसरीच्या कव्हरवर विमानं, वाघ, मोटारी, कराटेवाले, सगळे एकमेकांच्या अंगावर चढलेले होते आणि वर लाल आकड्यांत लिहिलं होतं, ९९९ इन १. किंमत दोन्हींची सारखीच. मुकुंदशेठ म्हणाला, साहेब, तुम्हीच बघा. हिच्यात एक गेम, हिच्यात नऊशे नव्याण्णव. पोरं आठ दिवसांत एका गेमला कंटाळतात, मग तुम्हाला पुन्हा जालन्याची चक्कर. यात होडीचाही असेलच की कुठेतरी.

तातेरावांनी दोन्ही कॅसेटा दोन हातांत घेऊन तोलल्या. खरोखर तोलल्या. त्यांच्या हाताला ती सवयच होती.

सत्यशीलाने त्यांची बाही ओढली. तिने सांगितलं, की तिला नऊशे नकोत, तिला हीच खेळायची आहे, ही तिने खेळलेली आहे, ही दोघांनी मिळून खेळायची असते आणि ती मायला शिकवणार आहे. ती जरा मोठ्याने बोलली असावी. मागचे लोक बघायला लागले.

"चूप बस," तातेराव म्हणाले. "एका गेमला तेवढेच पैसे अन् हजाराला तेवढेच. कोण येडा एक घेईल? तुला काय कळतं त्यातलं?"

दुकानातले दोघंतिघं हसले. मुकुंदशेठने होडीची कॅसेट उचलून पुन्हा फळीवर ठेवली.

परतीच्या गाडीत तातेरावांनी तिला भजी घेऊन दिली. तिने खाल्ली नाहीत. डबा मांडीवर घेऊन ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिला रडू येत नव्हतं. पुन्हा पुन्हा तिच्या मनात येत होतं, की ज्याला कळत होतं त्याला कुणी विचारलं नाही आणि ज्यांना कळत नव्हतं त्यांनी ठरवलं.

घरी गेम जोडला. आकड्यांची यादी पडद्यावर आली, एका पानावर दहा नावं. एक नंबरला मोटारींचा, दोनला भिंत फोडायचा, तिसरा रणगाड्यांचा, चौथा माकडाचा, पाचवा विमानांचा, सहावा कराट्याचा, सातवा फळं गोळा करायचा. आठ नंबरला वेगळं नाव होतं. दाबलं तर मोटारींचाच, फक्त मोटार लाल. नवव्यात भिंत फोडायची, फक्त चेंडू जोरात. दहाव्यात पुन्हा रणगाडे, दुसऱ्या मैदानापासून.

तिने वही काढली. रोज शाळेतून आली, की लाइट असेल तेवढा वेळ ती एकेक नंबर लावायची, पाहायची, लिहायची. खेळायची नाहीच. चतुराबाई चुलीपासून विचारायची, कसा हाय गं गेम, आणि ती म्हणायची, मोजून राह्यले. होडी कुठे सापडते का याकडे पहिल्या शंभरापर्यंत तिचं लक्ष होतं. नंतर तिने ती आशाही सोडली. आता तिला फक्त पुरावा पाहिजे होता.

इकडे तातेराव खूश होते. बाजार समितीत त्यांनी दहा जणांना सांगितलं होतं, की आमच्या घरी हजाराला एक कमी गेम आहेत. एका संध्याकाळी ते तिघा हमालांना आणि एका अडत्याला घेऊन आले. चहा झाला. तातेराव म्हणाले, सत्यशीला, लाव बरं, दाखव यांना नऊशे नव्याण्णव.

"सात हायेत," सत्यशीला म्हणाली.

"काय सात?"

"गेम सात हायेत. नावं नऊशे नव्याण्णव हायेत. म्या लिहून ठेवलंय."

अडत्या हसला आणि म्हणाला, तातेराव, मापात मार खाल्ला की काय. ते गमतीने म्हटलेलं होतं. पण तातेरावांचा चेहरा काळवंडला. त्यांनी उठून टीव्हीचं बटण बंद केलं. पाहुण्यांना वाटेला लावून ते परत आले आणि पोरीसमोर उभे राहिले. एवढ्या महागाची वस्तू आणून दिली तर चार माणसांत बापाची इज्जत काढते, असं ते म्हणाले. तुला खेळता येत नाही म्हणून सगळं सारखं दिसतं, असंही म्हणाले. डबा उचलून त्यांनी कपाटावर टाकला.

सत्यशीला हलली नाही. वही छातीशी धरून ती उभी होती. तिची मान खाली गेली नव्हती.

तेव्हा चतुराबाई बोलली. ती एरवी नवऱ्याच्या बोलण्यात पडायची नाही.

"तुम्ही मोजलं का?" तिने विचारलं. "तिनं मोजलंय. वीस वर्सं झाली, दुसऱ्यानं सांगितलेलं माप तुम्ही कधी धरलं न्हाई. मंग दुकानदाराचं कसं धरलं?"

तातेराव चपला घालून बाहेर गेले. पण रविवारी सकाळी न्याहारी झाल्यावर त्यांनी डबा स्वतःच कपाटावरून काढला आणि सतरंजीवर बसले. म्हणाले, लाव. एकपासून.

सत्यशीला नंबर लावत गेली. तातेराव धान्याच्या राशीपुढे बसावं तसे मांडी घालून बसले आणि मोजायला लागले. मापाडी एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. सातापर्यंत ते गेले. आठव्याला थांबले. मोटार पाहिली. म्हणाले, हे झालंय. नवव्याला म्हणाले, हेबी झालंय. पन्नासाव्या नंबरापर्यंत ते मोठ्याने म्हणत होते. नंतर आवाज बंद झाला, नुसती मान हलायची. दोनशेच्या पुढे चतुराबाई म्हणाली, आता कळलं ना, उठा, जेवा. ते उठले नाहीत. अर्धी रास सोडून ते कधी उठलेच नव्हते. दुपारी तासभर लाइट गेली, तेव्हाही ते काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. ऊन उतरलं तेव्हा नऊशे नव्याण्णव नंबर आला. भिंत फोडायचा.

"सात," तातेराव म्हणाले. त्यांच्या कपाळाची शीर उठली होती. "भडव्यानं सात पोत्यांचे नऊशे नव्याण्णव केले."

सत्यशीलाला वाटलं होतं, ते आता तिच्याकडे बघून काहीतरी म्हणतील. तुझं खरं होतं, एवढं जरी. त्यांनी तसं काही म्हटलं नाही. ते मुकुंदशेठबद्दलच बोलत राहिले, रात्री जेवतानाही.

पुढच्या अमावास्येला ते पुन्हा जालन्याला निघाले. सत्यशीलाला म्हणाले, वही घे.

मुकुंदशेठने आधी ओळखच दाखवली नाही. कॅसेट हातात घेऊन म्हणाला, ही आमच्याकडची कशावरून. बिल आहे का? बिल नव्हतं. पक्कं बिल हवं तर टॅक्स पडेल, असं तोच तेव्हा म्हणाला होता. मग म्हणाला, सील फोडलेलं आहे. मग म्हणाला, नंबर वेगळा म्हणजे गेम वेगळा, हे इंग्रजी असतं, तुम्हाला समजायचं नाही.

"इंग्रजी राहू द्या," तातेराव म्हणाले. "तो टीव्ही हाय ना, त्याला जोडा. म्या मोजतो, तुम्ही मोजा."

मुकुंदशेठ म्हणाला, त्याला तेवढा वेळ नाही. आणि मग नोकराकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "खेड्यातली माणसं. घ्यायचं म्हटलं की सगळ्यात मोठा आकडा दाखवा म्हणतात, आणि नंतर रडत येतात."

सत्यशीलाला वाटलं, आता तातेराव त्याची कॉलर धरतील. तिला ते हवंही होतं. पण तातेरावांनी दुकानातलं एक स्टूल ओढलं, काउंटरच्या तोंडाशी ठेवलं आणि त्यावर बसले. म्हणाले, "ठीक हाय. म्या इथं बसतो. गाडी संध्याकाळी हाय माझी."

आणि ते बसले. गिऱ्हाईक आलं आणि गेमच्या कपाटाकडे वळलं, की तातेराव शांतपणे सांगायचे, ही नऊशे नव्याण्णववाली घेऊ नका, सातच हायेत, पोरीनं लिहून आणलेत. मग सत्यशीला वही उघडून वाचायची. एक, आठ, बावीस, सदतीस, एकेचाळीस, मोटार. दोन, नऊ, तीस, भिंत. पहिल्यांदा वाचताना तिचा आवाज कापला. तिसऱ्यांदा नाही कापला. मुकुंदशेठ पोलीस बोलावतो म्हणाला. तातेराव म्हणाले, बोलवा, त्यांनाबी मोजता येतं.

लोक मात्र सत्यशीलाला वाटलं होतं तसे वागले नाहीत. एकजण ऐकून न घेताच निघून गेला. दोघांनी मिक्सरच्या बाजूला सरकून दुसरंच काहीतरी विचारायला सुरुवात केली. एका तरुण बापाने सगळी यादी नीट ऐकली, मान डोलावली, आणि मुकुंदशेठला म्हणाला, तीच द्या, नऊशे नव्याण्णववाली. तातेरावांनी विचारलं, आत्ता ऐकलं ना तुम्ही? तो म्हणाला, ऐकलं हो काका. पण पोराला गल्लीत जाऊन सांगायचंय, आमच्याकडे नऊशे नव्याण्णव हायेत म्हणून. सात हायेत असं कोण सांगतंय? पैसे देऊन तो हसत निघून गेला.

सत्यशीलाला त्याचा मुकुंदशेठपेक्षाही जास्त राग आला. फसलेला माणूस वेगळा. हा पैसे मोजून फसायला आला होता. मुकुंदशेठने तातेरावांकडे पाहून भुवया उडवल्या, आणि ती वही दोन्ही हातांनी आवळून बसली.

तीनच्या सुमाराला एक उंच, आडवा माणूस आला. भुजंग त्याचं नाव. शहागडला हायवेवर त्याचा ढाबा होता आणि गल्ल्यासाठी टेबलफॅन घ्यायला तो आला होता. फॅनचा भाव चालू असताना त्याच्या कानावर सत्यशीलाचं वाचन पडलं. तो थांबला. जवळ आला, वाकून कॅसेटचं कव्हर बघितलं.

"हीच माझ्या घरी हाय," तो म्हणाला. "दिवाळीला इथूनच नेलती."

मग त्याने ती हातात घेतली. पुढे बोलला ते तातेरावांशी, पण आवाज दुकानभर गेला.

"पोरगं म्हनत होतं, बाबा यात तेच ते येतंय. मला वाटलं नवी मागायसाठी खोटं बोलून राह्यलं. म्या त्याला पट्ट्यानं हानलं. दोन दिवस जेवलं न्हाई ते."

भुजंगने कॅसेट काउंटरवर ठेवली आणि मुकुंदशेठसमोर दोन्ही तळवे टेकून उभा राहिला. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, या माणसाचे पैसे दे. माझी कॅसेट उद्या ड्रायव्हरकडून पाठवतो, तिचे त्याच्याजवळ दे. त्याच्या मागे आता फॅनवाले, इस्त्रीवाले, समोरच्या कापडदुकानातले दोघं असे सात-आठ जण जमले होते. सकाळपासून गप्प असलेला नोकरसुद्धा मालकाकडे न बघता जमिनीकडे बघत होता.

मुकुंदशेठने गल्ला उघडला आणि नोटा काउंटरवर टाकल्या. खाली पडलेली एक नोट तातेरावांनी उचलली नाही. नोकराने उचलून त्यांच्या हातात दिली.

तातेरावांचा चेहरा उजळला होता. वीस वर्षांचं माप त्यांना परत मिळालं होतं. ते सत्यशीलाकडे वळले आणि मोठ्या मनाने म्हणाले, चल, आता तुझी ती होडीची घेऊ.

तिने फळीकडे पाहिलं. सकाळी दुकानात पाऊल टाकल्या टाकल्याच तिने तिथे पाहिलं होतं. तिथे इस्त्रीचे खोके रचलेले होते.

"ती गेली," मुकुंदशेठ म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा आनंद होता. "मागच्याच आठवड्यात. एक गेमवाली आम्ही पुन्हा मागवत नाही. घेतो कोण?"

गाडी दीड तास उशिरा आली. फलाटावर तातेराव बोलत होते. कसा चेहरा पडला त्याचा, कशा नोटा टाकल्या, उद्या यार्डात सांगतो. त्यांनी पोरीच्या पाठीवर थाप मारली. सत्यशीला बाजूला सरकली.

"काय झालं?"

"तुम्ही त्याच्याशी भांडलात," ती म्हणाली, "त्यानं तुम्हाला फसवलं म्हणून. मला तर त्यानं न्हाई फसवलं. त्यानं होडीची काढून पुढं ठेवल्ती. ती तुम्ही परत ठेवायला लावली."

तातेराव म्हणाले, आता जाऊ दे ना. ती म्हणाली, न्हाई जाऊ देत. तिचा आवाज चढला आणि बाकावरची माणसं बघायला लागली, पण या वेळी तिला त्यांची पर्वा नव्हती. तिने सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी लोकांसमोर तुला काय कळतं म्हणालात. पाहुण्यांसमोर टीव्ही बंद केलात. मी सात म्हणाले तर खोटी, आणि तुम्ही सात म्हणालात तर खरं. त्या शहागडवाल्याने पोराला पट्ट्याने मारलं ते निदान त्याने कबूल तरी केलं. तुम्ही तेवढंही केलं नाही.

"म्या तुला हात लावला का कधी?" तातेराव म्हणाले.

"न्हाई लावला. ऐकलंबी न्हाई कधी."

गाडी आली. डब्यात दोघं समोरासमोर बसले. परतूरच्या अलीकडे त्यांनी खिशातून त्या नोटा काढल्या, न मोजता तिच्या वहीत ठेवल्या आणि म्हणाले, "हे तुझे. काय घ्यायचं, कुठून घ्यायचं, तू ठरव. न्हाई घेतलं तरी चालेल. माझं चुकलं." शेवटचे दोन शब्द ते खिडकीकडे तोंड करून बोलले. सत्यशीलाने ते ऐकले. ऐकून तिचा राग गेला नाही. पण तिने वही मिटली.

दोन महिने तिने काहीच घेतलं नाही. डबा कपाटावर होता. तातेरावांनी एकदाही आठवण काढली नाही. पितृपक्षात मामांकडे औरंगाबादला जायचं निघालं, तेव्हा ती स्वतःच म्हणाली, गेम बघायचाय. तिथे तिने चार दुकानं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारला, लावून दाखवता का. तिघांनी नाही म्हटलं आणि ती पायऱ्या उतरली. चौथ्याने नाखुशीने टीव्ही जोडून दिला. होडीच्या कॅसेटचं त्याने नावही ऐकलं नव्हतं. सत्यशीलाने एक लावली, पाच मिनिटं खेळली, काढली. दुसरी लावली, काढली. दुकानदार घड्याळाकडे बघायला लागला आणि तातेरावांना म्हणाला, काका, तुम्हीच सांगा ना तिला, एवढा वेळ कोण घेतं.

"खेळू द्या तिला," तातेराव म्हणाले. "तिला कळतंय." आणि ते बाहेर जाऊन रस्त्यावर उभे राहिले.

तिने पाचवी कॅसेट घेतली. कव्हर साधं, निम्मं फाटलेलं. आत एकच गेम होता, डोंगराच्या वळणांवरच्या दोन मोटारसायकलींचा. दोघांना एकाच वेळी खेळता येणारा. ती अर्धा तास खेळली आणि तरी तो संपला नव्हता, म्हणून तिने तो घेतला.

घरी दुसरा रिमोट चतुराबाईने घेतला. पहिल्या दिवशी ती प्रत्येक वळणाला स्वतःच अंगाने कलायची. आठवड्यात ती चौथ्या डोंगरापर्यंत आली, आणि भाकरी थापताथापताही विचारायला लागली, की तिथे ब्रेक आधी दाबायचा की नंतर. तातेराव खाटेवर बसून बघायचे. दसऱ्याच्या संध्याकाळी, चतुराबाई सोनं द्यायला शेजारी गेली होती तेव्हा, ते खाटेवरून उतरले आणि म्हणाले, मला जमेल का बघू?

सत्यशीलाने दुसरा रिमोट त्यांच्याकडे सरकवला.

त्यांची मोटारसायकल पहिल्याच वळणावर दरीत गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. सत्यशीलाची पुढे निघाली होती आणि पडदा तिच्याबरोबर सरकत होता.

"थांब की जरा," तातेराव म्हणाले.

"न्हाई थांबत."

ती थांबली नाही. तातेरावांची गाडी पडद्याच्या कडेला घासत गेली आणि दिसेनाशी झाली. ती डोंगर उतरून पार झाली, तिचे गुण आले, त्यांचं शून्य आलं. तातेरावांनी शून्याकडे बघितलं, मांडी बदलून नीट बसले, आणि कोणतं बटण ब्रेकचं ते तिला विचारलं.